लिनक्सला कोणता लॅपटॉप मानवतो?

लॅपटॉप कितीही जपून वापरला तरी एक दिवस तो थकतोच. बिजागरी खिळखिळी होते, बॅटरी पाऊण तासात मान टाकते, पडद्यावर उभी रेघ येते. दुरुस्तीचा आकडा ऐकला की घरातली मोठी माणसे म्हणतात, "त्यापेक्षा दुसराच घेऊ." काही घरांत तर यंत्र धडधाकट असूनही ही चर्चा सुरू झाली आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीचे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. तुमचे यंत्र या दुसऱ्या प्रकारात मोडत असेल तर ते टाकू नका. त्यावर लिनक्स घाला. ते बहुधा आणखी काही वर्षे सुखाने चालेल.

पण यंत्र खरोखरच मोडले असेल आणि दुसऱ्यावरही लिनक्सच चालवायचे असेल तर? दुकानात जाऊन दिसेल तो लॅपटॉप उचलावा का?

थांबा! आधी लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकासाठी कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना मोकळा करून दिला. या गाभ्याला कर्नेल म्हणतात. (सैन्यातले कर्नल वेगळे!) रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पातली साधने या कर्नेलला मिळाली आणि एक पूर्ण कार्यप्रणाली उभी राहिली. तिचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या ओळी, कोणालाही वाचता येतात, बदलता येतात आणि वाटता येतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट ही तिचीच निरनिराळी रूपे. आपल्या सीडॅक संस्थेची 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे.

आता दुकानाकडे वळू. जाहिरातीत काय लिहिलेले असते? प्रोसेसर अमुक, रॅम तमुक, पडदा एवढ्या इंचांचा. लिनक्स वापरणाऱ्याचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो. आतले सुटे भाग कोणाचे आहेत, आणि त्यांची भाषा लिनक्सला येते का?

भाषा म्हणजे काय, ते वायफायच्या चिपवरून पाहू. या चिपमध्ये रजिस्टर नावाचे पुष्कळ छोटे कप्पे असतात. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकला म्हणजे रेडिओ सुरू होतो, कोणता टाकला म्हणजे वाहिनी बदलते, हे ती चिप बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेले असते. दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये सगळेच निराळे! कर्नेल आणि चिप यांच्यामध्ये म्हणून एक दुभाषा लागतो. त्याचे नाव ड्रायव्हर. विंडोजसाठी हा दुभाषा बहुतेक वेळा चिप बनवणारी कंपनीच पुरवते. लिनक्सच्या बाबतीत तीन गोष्टी संभवतात. कंपनी स्वतः ड्रायव्हर लिहून कर्नेलच्या मंडळींकडे देते. किंवा चिपची माहिती जाहीर करते आणि इतर लोक ड्रायव्हर लिहितात. किंवा ती अगदी गप्प बसते. तिसऱ्या प्रकारात जगभरचे हौशी प्रोग्रॅमर, चिपकडे काय जाते आणि तिच्याकडून काय येते याची टिपणे काढून, अनोळखी भाषा शिकावी तशी तिची भाषा उलगडतात. काम चिकाटीचे खरे, पण त्यात वर्षे जातात. आज कर्नेलचा मजकूर तीन कोटी ओळींहून मोठा आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग या दुभाष्यांचाच आहे!

गंमत म्हणजे स्टॉलमन यांच्या लढ्यामागेही एक ड्रायव्हरच होता. १९८० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर भेट मिळाला. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन यांनी सुधारणा केली होती, त्यामुळे कागद अडकला की सर्वांना सूचना मिळे. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मात्र त्यांना कोणी देईना. झाले! प्रिंटर समोर, बिघाड ठाऊक, उपाय ठाऊक, आणि हात बांधलेले.

आता तुम्ही विचाराल, चिप कोणती आहे हे कर्नेलला कळते कसे? शाळेत हजेरी होते ना, तसेच. प्रत्येक भागाच्या छातीवर जणू दोन क्रमांकांचा बिल्ला असतो. पहिला क्रमांक कंपनीचा, दुसरा त्या भागाचा. दोन्ही सोळाच्या पायावर, म्हणजे षोडशमान पद्धतीत लिहिलेले. इंटेल कंपनीचा क्रमांक आहे ८०८६. हा आकडा ओळखीचा वाटतो का? १९७८ साली इंटेलने काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावच ते! संगणक सुरू होताना कर्नेल प्रत्येक भागाचा बिल्ला वाचतो आणि आपल्या हजेरीपटात तो क्रमांक शोधतो. सापडला की त्याचा ड्रायव्हर कामाला लागतो. नाही सापडला, तर तो भाग वर्गाबाहेर बसून राहतो. वीज आहे, चिप चांगली आहे, पण तिच्याशी बोलणारे कोणी नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. लॅपटॉपचे नुसते नाव पुरेसे नाही. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपनी कधी एका उत्पादकाची वायफाय चिप बसवते, कधी दुसऱ्याची. करंजी तीच, सारण वेगळे. "माझ्या मित्राकडे हाच आहे आणि त्याचे सगळे चालते" एवढ्यावर घरचे हजारो रुपये खर्चू नयेत.

सर्वांत जास्त रडवते ते वायफायच. कारण साधे आहे. ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट लागते आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! (अशा वेळी मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते, ही युक्ती लक्षात ठेवा.) इंटेलच्या वायफाय चिपचे ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहेत आणि सहसा त्रास देत नाहीत. ब्रॉडकॉमच्या काही चिपना बंदिस्त ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. रिअलटेक आणि मीडियाटेकच्या पुष्कळ चिप उत्तम चालतात, पण अगदी ताज्या असतील तर वाट पाहावी लागू शकते. अनेक लॅपटॉपमध्ये वायफायची पट्टी बोटाच्या पेराएवढी असते आणि एक स्क्रू काढून बदलता येते. काहींत ती मुख्य फलकावर डाग देऊन पक्की केलेली असते. पहिला प्रकार घ्यावा. आणखी एक खोच: इंटेलच्या काही वायफाय पट्ट्या केवळ इंटेलच्याच प्रोसेसरबरोबर चालतात, म्हणून बदली पट्टी आणण्यापूर्वी तिचा क्रमांक नीट पाहावा.

पडद्यावर चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स चिपचे काय? इंटेल आणि एएमडी यांचे ड्रायव्हर खुले आहेत. एनव्हिडियाचे मात्र पुष्कळ वर्षे बंदिस्त होते. २०१२ मध्ये फिनलंडमधील एका जाहीर सभेत टोरवाल्ड्स यांनी त्या कंपनीवर इतक्या कडक भाषेत टीका केली, की ते शब्द या मासिकात छापता येणार नाहीत. २०२२ मध्ये एनव्हिडियाने नव्या चिपांसाठी ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये बसणारा भाग खुला केला, उरलेला भाग अजून बंदिस्तच आहे. मोठे खेळ किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करायचे नसतील, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेऊच नये, असे माझे मत आहे. पैसे वाचतात आणि बॅटरीही टिकते.

मग अगदी नवा कोरा लॅपटॉप घ्यावा की थोडा जुना? इथे लिनक्सचा न्याय जरा उलटा आहे. नवे कर्नेल साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते, पण तुम्ही जी प्रणाली बसवता तिच्यात कित्येकदा काही महिन्यांपूर्वीचे कर्नेल असते. कालच बाजारात आलेल्या लॅपटॉपच्या भागांची नावे त्याच्या हजेरीपटात कशी असणार? वर्ष-दोन वर्षे जुन्या मॉडेलची भाषा तोवर बहुधा शिकून झालेली असते. ॲपलचेच पाहा. आपल्या स्वतःच्या एम१ चिपचे लॅपटॉप ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरात आणले. त्यांवर लिनक्स चालावे म्हणून असाही लिनक्स या प्रकल्पाच्या लोकांनी मोठ्या कष्टाने ड्रायव्हर लिहिले आणि एम१, एम२ यांवर लिनक्स चालू लागले. कौतुकाची गोष्ट आहे! तरीही पहिल्या खेपेला तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

तुम्ही शोधावा तो कचेऱ्यांसाठी बनवलेला लॅपटॉप. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही त्यांची कुळे. दिसायला काळे-करडे, अगदी नीरस, पण आतून समजूतदार. डेलने २०१२ पासून काही लॅपटॉप लिनक्स घालूनच विकले, आणि लेनोव्होनेही २०२० मध्ये थिंकपॅडसाठी तशी घोषणा केली. ते कसे उघडावे याची पुस्तिकाही या कंपन्या देतात. मोठ्या कचेऱ्या असली यंत्रे काही वर्षांनी एकगठ्ठा बदलतात आणि मग ती जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात येतात. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारावी. रॅम निदान ८ जीबी हवी. १६ असल्यास उत्तम. ती फलकावर डाग दिलेली नसून खाचेत बसवलेली असावी, म्हणजे पुढे वाढवता येते. मात्र कचेरीतून आलेल्या यंत्राला कधी कधी बायोसचा पासवर्ड लावलेला असतो. तो दुकानदारालाच ठाऊक नसेल तर यंत्र तिथेच ठेवून या.

आता खरी परीक्षा! घरून निघताना ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून घ्या. नुसती फाइल चिकटवून भागत नाही. त्यासाठी असलेल्या छोट्या प्रोग्रॅमने ती लिहावी लागते. दुकानात नम्रपणे विचारा, "काका, हा पेनड्राइव्ह लावून दहा मिनिटे बघू का? आतल्या डिस्कला हात लावणार नाही." बहुतेक दुकानदार हो म्हणतात. लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे कळ बदलते) दाबून पेनड्राइव्ह निवडा. फक्त "ट्राय" म्हणा, "इन्स्टॉल" नको. संपूर्ण लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू लागते.

सर्वप्रथम वायफाय जोडा. आवाज, कॅमेरा, माइक, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा पाहा. मग झाकण मिटून मिनिटभर थांबा आणि उघडा. हे पोरखेळ वाटेल, पण लॅपटॉपची झोप ही नाजूक बाब आहे. जुन्या पद्धतीत झोपताना रॅमखेरीज जवळजवळ सगळे बंद होई. अनेक नव्या यंत्रांत ती सोय काढून एक हलकी झोप ठेवली आहे. ड्रायव्हर नीट नसले तर त्या झोपेत दप्तरातल्या दप्तरात बॅटरी संपते. बोटांचे ठसे वाचणारी पट्टी चालली नाही तर तेवढे सोडून द्या, पासवर्ड आहेच.

बॅटरीचा हिशेब तर तुम्ही स्वतः करू शकता. लिनक्स दोन आकडे दाखवते: बॅटरी नवी असताना तिच्यात मावणारी ऊर्जा आणि आज मावणारी ऊर्जा. समजा पहिला आकडा ५० वॅट-तास आणि दुसरा ३०. म्हणजे ६० टक्के बॅटरी उरली. किमतीची घासाघीस करताना हा आकडा कागदावर लिहून पुढे ठेवा.

शेवटी कळफलक. प्रत्येक कळ एकेक करून दाबत बसण्यापेक्षा मराठीच लिहा. कळफलकांच्या यादीत भारताखाली मराठी सापडेल. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली इनस्क्रिप्ट मांडणी त्यात आयती असते. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजने उजव्या हाताला. 'डोंगरदऱ्या' हा शब्द लिहून पाहा. त्यातला ऱ शिफ्टबरोबर जेची कळ दाबली की उमटतो. मग उरलेली बाराखडी लिहा, आणि एखादे अक्षर दोनदा उमटते किंवा उमटतच नाही असे दिसले, तर काकांना शेजारचा दुसरा लॅपटॉप काढायला सांगा.