नडगीचे दुखणे आणि मॅरेथॉन

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळ्यापासून सराव करणाऱ्या अनेकांना शर्यत जवळ येताच नडगीचे दुखणे गाठते. दमसास काही आठवड्यांत वाढतो. हाड बळकट होण्यास मात्र महिने लागतात. धावण्याच्या ताणाने हाड आधी किंचित झिजते आणि विश्रांतीच्या काळात नव्याने भरते. ही विश्रांती न मिळाल्यास त्याला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. वेदना नडगीभर पसरलेली असल्यास अंतर कमी करावे. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी असल्यास धावणे थांबवून अस्थितज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तडा भरण्यास साधारणतः ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर पोहण्याने दमसास बराचसा टिकवता येतो. वेदनाशामक गोळी घेऊन ४२.१९५ किलोमीटर धावण्याचा हट्ट धरल्यास मात्र हाड पूर्णपणे मोडण्याचा धोका संभवतो.