हेडसेटमधली आई खरंच मिठी मारते तेव्हा

व्हीआर आणि नाटक म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, स्टेजवर 360 अंशांचा कॅमेरा ठेवायचा, शूट करायचं आणि घरी हेडसेट लावून बघायचं. पण ते झालं रेकॉर्डिंग. तुम्ही खोकलात काय, उठून गेलात काय, नटाला पत्ताच नाही. आज मी सांगतोय ते नाटक वेगळं आहे, 'ड्रॉ मी क्लोज'.

नाटककार कॅनडाचा, जॉर्डन टॅनाहिल. त्याच्या आईला कॅन्सर झाला, त्या नात्यावरचं हे नाटक. लंडनचं नॅशनल थिएटर आणि कॅनडाचं नॅशनल फिल्म बोर्ड यांनी मिळून ते उभं केलं आणि 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायबेका फेस्टिव्हलमध्ये दाखवलं. प्रेक्षक एका वेळी एकच! तुम्ही हेडसेट लावता आणि लहानगा जॉर्डन होता. घर नुसत्या रेषांनी काढलेलं, आईसुद्धा रेषांचीच. ती जवळ येते, मिठी मारते, आणि ती मिठी तुमच्या अंगाला जाणवते. कारण त्याच खोलीत एक खरी अभिनेत्री मोशन कॅप्चरचा सूट घालून उभी असते.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना घाम फुटतो तो इथे. तिच्या हाताची जागा यंत्रणेने टिपायची, कॉम्प्युटरने त्यावरून रेषांची आई काढायची आणि ते चित्र हेडसेटमध्ये पोचवायचं. त्या काळचे मोठे हेडसेट सेकंदाला 90 चित्रं दाखवायचे, म्हणजे एका चित्राला जेमतेम 11 मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. यात उशीर झाला, तर खरा हात आधी खांद्यावर पडतो आणि चित्रातला मागून येतो. मग आई कसली, भूतच ते! पलंगाचंही तसंच. दिसतो तिथेच तो असायला हवा, नाहीतर प्रेक्षक बसायला जाऊन आपटेल.

बरं, अभिनेत्रीला यातलं रेषांचं घर दिसत नाही. तिच्यासमोर असतो डोळे झाकलेला एक अनोळखी माणूस. तो घाबरला, की रडतोय, की चुकीच्या दिशेला वळलाय, हे ओळखून तिने पुढचं वाक्य घ्यायचं. मी याला नाटक म्हणतो ते एवढ्याचसाठी.

अडचण सरळ आहे, पैशांची. एका तिकिटामागे एक अख्खी अभिनेत्री! रॉयल शेक्सपिअर कंपनीने मार्च 2021 मध्ये 'ड्रीम' केलं तेव्हा उलटा रस्ता धरला. नट पोर्ट्समथमध्ये मोशन कॅप्चर सूट घालून लाइव्ह, प्रेक्षक घरी मोबाइल नाहीतर कॉम्प्युटरवर, हेडसेटची गरजच नाही. तिकीट काढलेल्यांना काजवे सोडून जंगलात उजेड पाडता यायचा. आयडिया भारी आहे, हजारोंपर्यंत पोचतेही. पण स्क्रीनवर बोट फिरवणं आणि कुणीतरी पांघरूण घालणं यातलं काय हवं असं विचारलंत, तर मी त्या एका खुर्चीसाठी रांगेत उभा राहीन.