रिकामे रकाने

सकाळी ६. कूलरमध्ये पाणी भरलं. मे महिन्यात वर्ध्यात डोकं चालवायचं तर दहाच्या आत.

७. पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल उघडला. अशील समुद्रपूर तालुक्यातले, वायगाव हळदवाले; या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दावा असा: कर्क्युमिन, मिऱ्यातलं पायपरीन आणि जवसाचं तेल, एकाच कॅप्सूलमध्ये. परीक्षकाने दोन कागद पुढे केलेत. डी-१: तेलात कर्क्युमिन थोडं बरं शोषलं जातं. डी-२: १९९८ चा बंगळुरूचा गाजलेला अभ्यास. २ ग्रॅम कर्क्युमिनला २० मिलिग्रॅम पायपरीनची जोड दिली, तर माणसाच्या रक्तातली उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली.

८. कागद शेजारी ठेवले की जोडणी सोपीच दिसते. उत्तर ठाऊक असलं की कोडं सोपंच. म्हणून अशिलाचा अर्ज मिटून नुसता डी-१ वाचला. शेवटी तक्रार आहे: शोषण अजून कमीच. मग या विषयातला बेताचा जाणकार उपाय कुठे शोधेल? थेट डी-२ मध्ये. हे मला आवडलं नाही, पण आहे ते आहे.

११. अशील आले. "मॅडम, लोकाईनं येगयेगळं केलं, एकत्र तर म्याच केलं नं!"

"काका, नुसती मोट बांधली तर तो शोध होत नाही. भांडी बनवण्याच्या यंत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच सांगितलंय. मिश्रणाला तर पेटंट कायद्याचं कलम ३(ई) आडवं येतं."

"मंग अमेरिकेतलं हळदीचं पेटंट कसं पाडलं आपण?"

ते १९९७ मध्ये रद्द झालं, सीएसआयआरमुळे. पण तिथे आपण पाडणारे होतो. जखमेवर हळद लावतात हे आधीच छापलेलं होतं. इथे छापील कागद समोरच्याच्या हातात आहेत.

१.३०. जेवण. वीज गेली.

३. प्रयोगाचा तक्ता. दोनच रकाने: नुसतं कर्क्युमिन आणि तिन्ही एकत्र. दुसऱ्यातला आकडा झकास. पण कर्क्युमिन-पायपरीन तेलाविना? कर्क्युमिन-तेल पायपरीनविना? करूनच पाहिलं नाही. मग वाढ जोडणीची की जुन्या मिऱ्याचीच, कोण सांगणार? दोघांच्या बेरजेहून तिघांचा आकडा मोठा निघाला, तरच भांडता येईल.

५. काकांना फोन केला. आजच्या कागदांवर मी परीक्षक असते, तर मीही नकारच दिला असता. उत्तराला सहा महिने मिळतात, त्यातले दोन उरलेत. नवे नमुने सोमवारी प्रयोगशाळेत जातील.