जुन्या संगणकाला नवा एसएसडी : खोक्यावरचा वेग नव्हे, स्लॉट पाहा

यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकीसारख्या गावात संगणक ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. दाखल्यांचे अर्ज, दुकानाचा हिशेब, विद्यार्थ्यांचे प्रवेश अशी सारी कामे त्यावरच चालतात. असा संगणक आठ-दहा वर्षांचा झाला, सुरू होण्यासच काही मिनिटे घेऊ लागला, की नवा घेण्याचा विचार बळावतो. अनेकदा मात्र दोष प्रोसेसरचा नसतो, तर जुन्या हार्ड डिस्कचा असतो.

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर माहिती शोधावी लागते. प्रत्येक शोधास सुमारे १० मिलिसेकंद लागतात, म्हणजेच सेकंदाला जेमतेम शंभर शोध होतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होते. संगणक सुरू होताना हजारो लहान फाइल वाचल्या जातात. त्यामुळे एसएसडी बसवताच जाणवणारा फरक प्रामुख्याने येथून येतो.

खरेदी करताना फसगत होते ती खोक्यावरील आकड्यांमुळे. 'सेकंदाला ७००० एमबी' हा वेग पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या, चार मार्गिकांच्या स्लॉटसाठी असतो. हाच ड्राइव्ह तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसतो, चालतोही. पण वेग साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. काही जुन्या मदरबोर्डवरील एम.२ स्लॉटला दोनच मार्गिका असतात. तेथे मर्यादा आणखी निम्म्यावर येते. साटा-३ जोडणीवर प्रत्यक्ष वेग सुमारे ५५० एमबी, तर साटा-२ वर त्याच्या निम्मा मिळतो. पाइप अर्ध्या इंचाचा असेल, तर टाकी कितीही मोठी असली तरी नळाची धार वाढत नाही, तसाच हा प्रकार.

म्हणून खरेदीपूर्वी मदरबोर्डचा क्रमांक पाहून त्याची माहितीपुस्तिका वाचावी. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. काही एम.२ स्लॉट फक्त साटा ड्राइव्ह स्वीकारतात, काही फक्त एनव्हीएमई, तर काही दोन्ही. साधारणतः २०१४ पूर्वीचे बरेचसे मदरबोर्ड एनव्हीएमई ड्राइव्हवरून संगणक सुरूच करू शकत नाहीत. अशा ठिकाणी अडीच इंची साटा एसएसडी हाच निर्धोक पर्याय होय. चुकीचा ड्राइव्ह आला, तर ढाणकीच्या ग्राहकाला तो बदलण्यासाठी उमरखेड किंवा नांदेड गाठावे लागते, अथवा कुरिअरने परत पाठवून वाट पाहावी लागते. तोवर काम ठप्प होते.

स्लॉट संथ असेल, तर वेगासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. तेच पैसे क्षमता आणि टिकाऊपणावर खर्च करावेत. क्यूएलसीपेक्षा टीएलसी प्रकारची स्मृती अधिक लेखन सोसते. पाच वर्षांची हमी तीन वर्षांपेक्षा अर्थातच बरी. एकूण किती टेराबाइट लिहिता येईल हा आकडाही पाहावा. मात्र त्याची धास्ती नको. दररोज २० जीबी लिहिले, तरी वर्षाला सुमारे ७ टेराबाइटच होतात, आणि ५०० जीबीच्या अनेक ड्राइव्हची मर्यादा शंभर टेराबाइटच्या वर असते. ड्राइव्ह पूर्ण भरू न देता काही जागा मोकळी ठेवणे हिताचे.

एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एसएसडी बसवल्याने जुना प्रोसेसर विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही. सरकारी संकेतस्थळे आणि बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, त्याच्या मालकाने हा हिशेब आधी मांडावा. तसेच एसएसडी बंद पडताना हार्ड डिस्कसारखा खडखडाट होत नाही. पूर्वसूचना मिळेलच याचा भरवसा नसल्याने महत्त्वाच्या फाइलची प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक आहे. काढलेली जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असेल, तर त्यासाठी तीच उपयोगी पडते.