वस्तऱ्याचा प्रश्न आणि ऑनलाइन वर्ग

गेल्या आठवड्यात उपचारांच्या पुराव्याचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेषा वाचल्या. अकाली प्रसूतीच्या आधी आईला स्टिरॉइड दिलं तर बाळं वाचतात, हा पुरावा हाती असूनही खाटेपर्यंत पोहोचायला किती उशीर झाला, तेही पाहिलं. आता शिकवण्याकडे वळू. पुरावा शोधायची, तपासायची आणि वापरायची सवय विद्यार्थ्याला कशी लावायची, आणि ती पडद्यावरून लागते का?

खरं तर ‘पुराव्यावर आधारित वैद्यक’ या विषयाचा जन्मच शिकवण्यातून झाला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख १९९२ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो वैद्यक ‘शिकवण्याच्या’ नव्या पद्धतीबद्दल आहे, हे शीर्षकातच म्हटलं होतं. लेखाच्या सुरुवातीला एक निवासी डॉक्टर आहे. तिच्या रुग्णाचं वय ४३ वर्षं, प्रकृती ठणठणीत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच फीट आलेली. पुन्हा येईल का, या धास्तीनं तो बेजार आहे. वरिष्ठांना विचारलं तर ‘धोका बराच आहे’ एवढंच उत्तर मिळतं. दुसरा मार्ग म्हणजे ती ग्रंथालयात जाते, संगणकावर शोध घेते, लेखाची झेरॉक्स काढते आणि परत येऊन सांगते, की दीड वर्ष फीट आली नाही तर धोका वीस टक्क्यांच्या खाली येतो. या सगळ्याला लागला अर्धा तास, आणि शोधाचा खर्च आला २ डॉलर ६८ सेंट.

आज तोच शोध मोबाइलवर फुकटात होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) २००७ मध्ये वर्गणी भरून कॉक्रेन लायब्ररी देशभर खुली केली. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना हजारो नियतकालिकं मिळू लागली. खाजगी नर्सिंग कॉलेजं मात्र पहिल्या टप्प्यात बाहेरच राहिली, आणि महाराष्ट्रात ती किती आहेत हे वेगळं सांगायला नको. तरीही पबमेडवरचे सारांश सगळ्यांनाच मोकळे आहेत. म्हणजे कागद मिळत नाही ही तक्रार आता फारशी टिकत नाही. अडतं ते प्रश्न विचारण्यापाशी.

आणि नेमकं तेच बहुतेक ऑनलाइन कोर्स शिकवत नाहीत. व्हिडिओ, पीडीएफ, शेवटी बहुपर्यायी चाचणी, मग प्रमाणपत्र. व्हिडिओ दुप्पट वेगानं पळवायचा आणि उत्तरं ग्रुपवरून घ्यायची, हे विद्यार्थी चहा पिता पिता उरकतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कोर्सची रचनाच तशी आहे. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा असलेला चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा (एनआयई) ऑनलाइन कोर्स जैववैद्यकीय संशोधनाची ओळख करून देतो. त्याचं काम वेगळं आहे: संशोधन करावं कसं, ते सांगणं. दुसऱ्यानं केलेलं संशोधन आपल्या वॉर्डात कसं वापरावं, हा निराळा विषय आहे आणि तो बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या जास्त उपयोगाचा आहे.

एक नमुना घेऊ. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला सर्जिकल वॉर्डात पहिल्या आठवड्यातच कानावर येणारा शब्द म्हणजे ‘पार्ट प्रिपरेशन’. उद्या ऑपरेशन, म्हणून आज संध्याकाळी ब्लेडनं केस काढायचे. का? ‘जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून.’ इथे थांबून तिला प्रश्न चार तुकड्यांत लिहायला लावायचा: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, आणि कोणता परिणाम मोजायचा. ऑपरेशनला आलेला प्रौढ रुग्ण, ब्लेडनं केस काढणं, क्लिपरनं कापणं किंवा न काढणं, आणि जखमेतला संसर्ग. तिसरा तुकडा बहुतेकींना सुचतच नाही. ‘केस काढायचेच नाहीत’ हा पर्याय असू शकतो, हे कुणी कधी बोललेलंच नसतं.

मग शोध. नुसतं ‘शेव्हिंग’ टाकलं तर भलतंच काही तरी समोर येतं. ‘प्रीऑपरेटिव्ह हेअर रिमूव्हल’ आणि ‘सर्जिकल साइट इन्फेक्शन’ एकत्र टाकलं की पहिल्या पानावरच कॉक्रेनचा आढावा दिसतो. माझ्या मते ऑनलाइन वर्ग इथे व्याख्यानाला मागे टाकतो. साठ जणींच्या वर्गात कुणी काय टाइप केलं हे शिक्षिकेला दिसत नाही. ऑनलाइन स्वाध्यायात प्रत्येकीचे शोधशब्द नोंदले जातात आणि नेमकी चूक दाखवता येते.

उत्तर सरळ आहे. ब्लेडनं कातडीवर बारीक ओरखडे उठतात आणि त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचना म्हणतात, शक्यतो केस काढू नका. काढावेच लागले तर क्लिपर वापरा, ब्लेड नको.

इथे आकडे वाचायलाही शिकवता येतं. समजा, एका पद्धतीत शंभरातल्या चौघांना संसर्ग होतो आणि दुसरीत दोघांना. ‘संसर्ग निम्म्यावर आला’ हेही खरं आणि ‘शंभरातले दोन कमी झाले’ हेही खरं. औषध कंपनीचा प्रतिनिधी यांतलं कुठलं वाक्य बोलेल, हे ओळखायला लावा. वर्ग जागा होतो.

शिकवण्याच्या या पद्धतींचीही तपासणी झालेली आहे. कुमारसामी आणि खान यांचा आढावा २००४ मध्ये ‘बीएमजे’त आला. नुसता वेगळा वर्ग घेतला तर माहिती वाढते, पण कौशल्य, दृष्टिकोन आणि वागणूक बदलत नाही. तेच शिक्षण रुग्णसेवेत गुंफलं तर चारही सुधारतात. पुढे भारतासह सात देशांत प्रसूती विभागातल्या निवासी डॉक्टरांवर चाचणी झाली, ती २०१२ साली ‘जामा’त आली. एका गटाला ऑनलाइन धडे आणि त्यांना जोडून वॉर्डातली कामं, दुसऱ्या गटानं आपापलं शिकायचं. पहिल्या गटाचं ज्ञान आणि कौशल्य दोन्ही जास्त सुधारलं. साधनं तुटपुंजी असलेल्या रुग्णालयांत हे घडलं, म्हणून मला ही चाचणी श्रीमंत विद्यापीठांतल्या प्रयोगांपेक्षा मोलाची वाटते.

परीक्षाही त्याच धर्तीची हवी. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराचं नाव मिळालेल्या एका चाचणीत पर्याय दिलेले नसतात. रुग्णाची हकिगत देतात आणि विचारतात: प्रश्न लिहा, कुठे शोधाल सांगा, कोणत्या प्रकारचा अभ्यास हवा आणि का. तपासायला वेळ लागतो, म्हणून आपल्याकडे ती रुळत नाही. पण ग्रुपवर फिरलेलं उत्तर तिथे फारसं कामाला येत नाही.

राहता राहिला वॉर्ड. पुरावा, स्वतःचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ घाला, असं डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ मध्येच सांगितलं होतं. इथे रुग्ण म्हणतो, ‘सिस्टर, मी घरूनच दाढीच्या ब्लेडनं करून आलोय, स्वच्छ केलंय.’ त्याला न दुखावता समजावणं आणि पुढच्या रुग्णाला दाखल होण्याआधीच सांगून ठेवणं, हे कुठल्याही मॉड्यूलमध्ये नसतं. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, ‘क्लिपर आहे कुठे? स्टोअरमधून ब्लेडच येतात.’ विद्यार्थिनीनं यावर काय करायचं? वरिष्ठांशी वाद घालून तिचे इंटर्नलचे गुण जातील, बाकी काही होणार नाही. म्हणून स्वाध्यायाचा शेवटचा भाग असा द्यावा: तुमच्या वॉर्डाचा इंडेंट (सामानाचा मागणीअर्ज) कोण भरतं, त्यावर सही कुणाची लागते, क्लिपरची आणि त्याच्या बदलायच्या पात्याची किंमत काय, हे शोधून एका पानाची टिपणी लिहा आणि इन्चार्जना दाखवून त्यांचं मत त्याखाली नोंदवा.

पुढील आठवड्यात: फिजिओथेरपीचे विद्यार्थी, कंबरदुखी आणि शेकायच्या यंत्रांचा पुरावा.