क्वांटम संगणक, बँक आणि आपले पैसे

लोणी देवकरच्या एमआयडीसीतला पगार असो की कारखान्याकडून आलेलं उसाचं बिल, पैसे आता खात्यावरच जमा होतात. त्यामुळे ‘क्वांटम संगणक बँका फोडणार’ हे ऐकून काळजी वाटणारच.

गैरसमज: खातं आजच फुटू शकतं.
नाही. पीटर शोर यांनी 1994 मध्ये दाखवलेल्या रीतीने आजचं आरएसए कूटलेखन तत्त्वतः उलगडतं. पण त्यासाठी लाखोंच्या घरात क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाची मूलभूत एककं, लागतील. गुगलच्या 2024 च्या विलो चिपवर आहेत 105. खरा धोका आज चोरून साठवलेल्या माहितीला आहे, कारण ती पुढे कधीतरी वाचता येईल. पासवर्ड तोवर बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत.

गैरसमज: क्वांटम सुरक्षा यंत्रणा बसवली की चोरी थांबली.
पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण आठवा. ऑगस्ट 2018 मध्ये दोन टप्प्यांत 94 कोटी 42 लाख रुपये गेले. चोरांनी कूटलेखन फोडलंच नव्हतं. बँकेच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरलं, बनावट कार्डांच्या व्यवहारांना परस्पर मंजुरी मिळत गेली आणि 28 देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली. उरलेले पैसे स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून हाँगकाँगला गेले. अशा वेळी वाटेतला संदेश कितीही अभेद्य असला तरी उपयोग नाही. आतल्या यंत्रणेवर कोणाची नजर आहे, हे आधी पाहायला हवं.

गैरसमज: क्वांटमपासूनचं संरक्षण छोट्या सहकारी बँकांना परवडणारं नाही.
प्रकाशकणांतून कूटलेखनाची किल्ली पाठवायला खास उपकरणं लागतात, ती महागच. पण अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केलेली क्वांटमलाही दाद न देणारी तीन मानकं नेहमीच्या संगणकांवर चालतात. ब्रिटनची सायबर सुरक्षा संस्थाही याच मार्गाची शिफारस करते. मला तोच शहाणपणाचा वाटतो.

गैरसमज: पैसे गेले म्हणजे चूक खातेदाराचीच.
हा सर्वांत अन्यायाचा गैरसमज. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये सहकारी बँकांनाही नियम घालून दिला: चूक बँकेची असेल तर खातेदारावर भार नाही. चूक दोघांचीही नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तरीही नाही. खातेदार दोषी आहे हे सिद्ध करायचं ते बँकेनेच.

सहकारी बँकेचा सभासद वार्षिक सभेत विचारू शकतो: आपली माहिती कोणाच्या सर्व्हरवर आहे, आणि नवी मानकं कधी लागू होणार?