औषधरोधक उत्परिवर्तने, विषाणूची वृद्धिक्षमता आणि खंडित उपचार : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे डोंगराळ तालुके होत. भातकापणी उरकली की येथील अनेक कातकरी व ठाकूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर मजुरीसाठी जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा कुटुंबात कोणी एचआयव्हीबाधित असल्यास, परमुलखात गोळ्या संपणे हा मोठा धोका ठरतो. (हा आजार या समाजांचा विशेष आहे असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही, प्रश्न स्थलांतराचा आहे.) आठवडाभर गोळ्या चुकल्यास नेमके काय बिघडते, याचे उत्तर सर्व औषधांच्या बाबतीत एकच नाही. विषाणूत कोणते उत्परिवर्तन बळावते आणि त्याची किती किंमत विषाणूला स्वतःला मोजावी लागते, यावर ते अवलंबून असते.

रोधाची किंमत

एचआयव्हीच्या जनुकीय साखळीची नक्कल करणारे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर वारंवार चुका करते व त्या दुरुस्त करीत नाही. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होत असल्याने, एका बदलाने घडणारी बहुतेक उत्परिवर्तने औषध सुरू होण्यापूर्वीच तेथे अल्प प्रमाणात असतात. औषध त्यांना निर्माण करीत नाही, निवडते.

भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून मोफत उपचार सुरू झाले. स्टॅव्हुडीन किंवा झिडोव्हुडीन, त्यासोबत लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापीन अशी तेव्हाची मुख्य योजना होती. यातील लॅमिव्हुडीनला निष्प्रभ करणारे उत्परिवर्तन म्हणजे एम१८४व्ही. विकरातील १८४ व्या स्थानी मेथिओनीनऐवजी व्हॅलीन येते आणि औषध जवळजवळ निरुपयोगी होते. मात्र विकराची कार्यगतीही मंदावते, विषाणूची वृद्धिक्षमता घटते, आणि तोच विषाणू झिडोव्हुडीन व टेनोफोव्हिर यांना अधिक संवेदनशील बनतो. रोध आढळल्यानंतरही लॅमिव्हुडीन पुष्कळदा चालूच ठेवले जाते ते यामुळे. वरकरणी विसंगत वाटणारा हा निर्णय वस्तुतः विषाणूला दुबळे ठेवण्याचा उपाय आहे.

नेव्हिरापीन व इफॅव्हिरेन्झ यांना दाद न देणारे के१०३एन हे उत्परिवर्तन याच्या उलट वागते. १०३ व्या स्थानी लायसीनच्या जागी अ‍ॅस्परजीन येते. एवढ्या एकाच बदलाने दोन्ही औषधे हातची जातात आणि विषाणूच्या वाढीवर फारसा परिणाम होत नाही. स्वस्तात मिळालेला हा रोध औषध थांबल्यावरही दीर्घकाळ टिकून राहतो.

गोळ्या थांबतात तेव्हा

तिन्ही औषधे एकाच दिवशी थांबली तरी ती शरीरातून एकाच वेळी जात नाहीत. झिडोव्हुडीन व लॅमिव्हुडीन यांचा प्रभाव एक-दोन दिवसांत ओसरतो; नेव्हिरापीन व इफॅव्हिरेन्झ रक्तात कित्येक दिवस रेंगाळतात. या काळात रुग्ण नकळत एकाच औषधावर असतो, आणि के१०३एनला याहून अनुकूल परिस्थिती नसते. म्हणजे भट्टीवर आठवडाभर गोळ्या न मिळणे ही केवळ उपचारांतील सुटी नव्हे.

टेनोफोव्हिरविरुद्धचे के६५आर हे उत्परिवर्तनही भारताच्या दृष्टीने लक्षणीय आहे. आपल्याकडे प्रामुख्याने आढळणाऱ्या 'सी' उपप्रकारात त्या स्थानाजवळील जनुकीय अक्षरांचा क्रमच असा आहे की नक्कल करताना ही चूक अधिक सहज घडते. येथेही किंमत आहेच : वृद्धिक्षमता घटते व झिडोव्हुडीनबाबतची संवेदनशीलता वाढते. पहिला उपचार निष्फळ ठरल्यावर टेनोफोव्हिरच्या जागी झिडोव्हुडीन देण्यामागे हेच तत्त्व होते.

डोल्युटेग्राव्हिर शासकीय योजनेत आल्यापासून चित्र बरेच पालटले. हे औषध इंटिग्रेज या दुसऱ्याच विकरावर कार्य करते. त्याविरुद्ध उद्भवणारे आर२६३के हे उत्परिवर्तन अल्प रोध देते, आणि विकराची क्षमताही घटवते. परंतु सर्वच मार्ग विषाणूला असे महाग पडत नाहीत; १४८ व्या स्थानातील बदलासोबत इतर उत्परिवर्तने जमली, तर रोध गंभीर होतो.

चाचणीचा काळ

जनुकीय चाचणीचा अहवाल वाचताना वृद्धिक्षमतेचा विचार अटळ ठरतो. औषधाचा दाब नाहीसा होताच दुबळे उत्परिवर्तित विषाणू मागे पडतात व मूळ विषाणू पुन्हा बहुसंख्य होतात. उत्परिवर्तित विषाणू मात्र नष्ट झालेले नसतात. सुप्त सीडी४ पेशींत त्यांची नोंद कायम राहते. जूनमध्ये भट्टीवरून परतलेल्या, पूर्वीच्या योजनेतील गोळ्या कित्येक महिने न घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात के१०३एन दिसेल, पण एम१८४व्ही न दिसण्याचा संभव मोठा. अहवालात लॅमिव्हुडीन 'संवेदनशील' असे छापले जाईल, आणि गोळ्या पुन्हा सुरू होताच तोच दडलेला विषाणू काही आठवड्यांत वर येऊ शकेल. रक्तनमुना रुग्ण औषध घेत असतानाच घ्यावा, असा दंडक आहे तो यासाठीच. तो पाळता आला नसेल, तर अहवालापेक्षा रुग्णाने पूर्वी कोणती औषधे किती काळ घेतली व ती केव्हा सुटली, याची उपचारपुस्तिकेतील नोंद अधिक विश्वसनीय मानावी लागते.